रजिस्ट्री क्लीनर चालवण्याआधी

नागपुरात ‘रजिस्ट्री’ म्हटलं की आधी प्लॉटची रजिस्ट्री आठवते. कॉम्प्युटरमधली रजिस्ट्रीही तशी नोंदवहीच आहे. कोणतं सॉफ्टवेअर कुठे बसलंय, कोणती फाइल कशात उघडायची, प्रिंटरचा ड्रायव्हर कुठला, याची नोंद विंडोज तिथे ठेवतं. या वहीतल्या ‘निकामी’ नोंदी साफ करून मशीनचा वेग वाढवतो, असा दावा करणारं टूल म्हणजे रजिस्ट्री क्लीनर. आधी ही माहिती सुट्या आयएनआय फाइलींत, म्हणजे सेटिंग लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींत, विखुरलेली असे. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये रजिस्ट्री लहान रूपात आली आणि विंडोज ९५पासून सगळा कारभार तिच्यावर गेला. विंडोज फोल्डरच्या ‘सिस्टीम ३२’मधल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘सिस्टीम’, ‘सॉफ्टवेअर’, ‘सॅम’, ‘सिक्युरिटी’ अशा तिच्या मुख्य फाइली असतात. शिवाय प्रत्येक यूजरच्या फोल्डरात एक लपवलेली ‘एनटीयूजर डॉट डॅट’ असते.

एक नोंद जवळून पाहू. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावलेल्या मशीनवर ‘करंट यूजर’खाली ‘कीबोर्ड लेआउट’ आणि त्यात ‘प्रीलोड’ उघडलं, की आठ अक्षरांची एक ओळ दिसते: ‘०००००४४ई’. ‘४४ई’ हा विंडोजमधला मराठीचा क्रमांक. ठाऊक नसेल त्याला ही ओळ कचराच वाटेल. रजिस्ट्रीत अशा लाखो ओळी असतात आणि बहुतेकींवर त्या कशासाठी आहेत ते लिहिलेलं नसतं.

मग क्लीनर ‘निकामी’ नोंद ओळखतो कशी? नोंदीत एखाद्या फाइलचा पत्ता असेल तर ती फाइल तिथे आहे का, एवढंच तो बहुतेकदा बघतो. नसेल तर ‘एरर’. मे महिन्याच्या दुपारी शेतावर जावं, तिथे कोणी दिसलं नाही म्हणून सातबाऱ्यावरचं नाव खोडावं, तसा हा न्याय आहे. सॉफ्टवेअर बाहेरच्या हार्डडिस्कवर असेल आणि ती डिस्क कपाटात असेल, तर त्याच्या सगळ्या नोंदी यादीत येतात. आणखी एक खोच आहे. ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटी प्रोग्रॅमने ‘सिस्टीम ३२’ मागितलं, तर विंडोज त्याला गुपचूप ‘सिसवाव ६४’ हा दुसराच फोल्डर दाखवतं. ही सोय लक्षात न घेता लिहिलेला जुना क्लीनर जागेवर असलेल्या धडधाकट फाइलींनाही हरवलेल्या ठरवतो.

आता वेगाचं. एक नोंद साधारण शंभर-दोनशे बाइटची. अशा १००० काढल्या तरी जेमतेम २०० केबी, म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही कितीतरी कमी आणि ४ जीबी रॅमचा सुमारे वीस हजारावा भाग. तीही जागा लगेच परत मिळत नाही. नोंद पुसली की फाइलमध्ये ती जागा ‘मोकळी’ अशी खूण होते, फाइलचा आकार तोच राहतो. शोधायला लागणारा वेळही घटत नाही, कारण विंडोज पूर्ण वही पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. नावानुसार लावलेल्या याद्यांतून ते थेट हव्या त्या नोंदीपाशी पोचतं. म्हणून ‘साफ करा, वेग वाढवा’ हा दावा आम्हाला मान्य नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः नव्वदच्या दशकात ‘रेगक्लीन’ नावाचं टूल दिलं होतं, ते पुढे मागे घेतलं. अशा टूलना पाठिंबा नाही, हे त्यांचं आजचं जाहीर धोरण आहे.

तरीही क्लीनरची गरज क्वचित पडते. अर्धवट अनइन्स्टॉल झालेलं सॉफ्टवेअर पुन्हा बसायला तयार नसतं, किंवा काढून टाकलेला अँटिव्हायरस आपल्या खुणा सोडत नाही. (अँटिव्हायरससाठी आधी त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा, बहुतेक कंपन्या ते फुकट देतात.) एवढं करूनही क्लीनर चालवायचाच असेल, तर परतीची वाट आधी बांधा.

पहिली वाट रिस्टोर पॉइंटची, म्हणजे विंडोजच्या आजच्या सेटिंगची जपून ठेवलेली प्रत, जिच्यावर नंतर परतता येतं. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधा. ‘सी’ ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ दिसत असेल, आणि अनेक मशीनवर तसंच दिसतं, तर ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू करा. डिस्कची ५ टक्के जागा द्या आणि ‘क्रिएट’ दाबून तारखेच्या नावाने पॉइंट बनवा. विंडोज रजिस्ट्रीची प्रत ‘रेगबॅक’ फोल्डरात आपोआप ठेवतं, असं अजूनही सांगितलं जातं. २०१८ मधल्या विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून ते बंद आहे. तिथल्या फाइली बहुतेकदा शून्य केबीच्या असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

मग ‘रेजएडिट’ हा विंडोजचा रजिस्ट्री एडिटर उघडा, रजिस्ट्रीची जी शाखा (फोल्डरसारखा भाग) बदलणार तिच्यावर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. या फाइलची मर्यादा ध्यानात असू द्या. ती परत टाकली की पुसलेल्या नोंदी येतात, पण मधल्या काळात वाढलेल्या नोंदी जात नाहीत. विंडोज वापरत असलेल्या काही नोंदींवर तर ती लिहूच शकत नाही. त्यामुळे एका शाखेपुरती ती उत्तम, पूर्ण रजिस्ट्री परत आणायला रिस्टोर पॉइंटच हवा.

तिसरी गोष्ट नेमकी विसरली जाते, ती म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की. अलीकडच्या अनेक लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते. मशीन सुरू झालं नाही तर दुरुस्तीच्या स्क्रीनवर हीच की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून काढून वहीत लिहून ठेवा. सोबत १६ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवा, विंडोज सुरू होत नसेल तेव्हा दुरुस्तीला तो लागतो.

टूल फक्त बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरून घ्या. इन्स्टॉल करण्याआधी फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’चा टॅब बघा. हेही पूर्ण कवच नव्हे. २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध क्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ती आवृत्ती वैध सहीनिशी अधिकृत वेबसाइटवरून सुमारे महिनाभर वाटली गेली. स्कॅन फुकट करून शेकडो ‘गंभीर एरर’ लाल रंगात दाखवणारं आणि दुरुस्तीला पैसे मागणारं टूल मात्र तिथेच काढून टाका.

स्कॅन करण्याआधी बाहेरची हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, अकाउंटिंगचा डोंगल, जीएसटीसाठीचा डिजिटल सहीचा टोकन, सगळं जोडा. प्रिंटर चालू ठेवा. अपडेट अर्धवट असेल तर आधी रीस्टार्ट करा. डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या.

यादी आली की सगळ्या टिक काढा. ज्या सॉफ्टवेअरचं नाव ओळखता आणि जे स्वतः काढलंय, त्याच्याच पाच-दहा नोंदी निवडा. ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’, ‘कॉम’, ‘शेअर्ड डीएलएल’, ‘इन्स्टॉलर’, ‘फॉन्ट’ या गटांना हात लावू नका. इन्स्टॉलरच्या नोंदी गेल्या की त्या सॉफ्टवेअरचं अपडेटही होत नाही आणि ते काढताही येत नाही. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारी सामायिक फाइल. एका डीएलएलवर पाच प्रोग्रॅम अवलंबून असू शकतात, त्यामुळे बिघाड भलत्याच ठिकाणी दिसतो. टूल बॅकअप विचारेल तेव्हा ‘हो’ म्हणा. नंतर रीस्टार्ट करून दोन-तीन दिवस रोजची कामं करा: प्रिंट काढा, मराठी टाइप करा, टोकनने सही करून पाहा. सगळं ठीक असेल तरच पुढच्या पाच नोंदी.

बिघडलंच, पण विंडोज सुरू होत असेल, तर टूलचा बॅकअप परत टाका. सुरूच होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन दोन-तीनदा सुरू होता होता बंद करा. दुरुस्तीची स्क्रीन येते, तिथे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘सिस्टीम रिस्टोर’.

तक्रार फक्त मशीन मंद असल्याची असेल, तर कारण बहुतेकदा दुसरीकडे असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ ही मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी बघा, नको ते बंद करा. जुनी फिरती हार्डडिस्क बदलून एसएसडी लावल्याने जो फरक पडतो, तो कोणत्याही साफसफाईने पडत नाही. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. पारा ४५च्या वर गेला की धुळीने भरलेल्या पंख्यामागचा प्रोसेसर लवकर तापतो. १०० अंशांच्या आसपास पोचला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. मशीन कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ओलसर हवेत धूळ पंख्याला चिकटून बसते.

स्टार्टअपची तीच यादी क्लीनर बसवल्यानंतरही एकदा उघडा. हे टूल अनेकदा तिथे स्वतःचं नाव घालतं आणि ठरावीक दिवसांनी आपोआप साफसफाई करण्याची सेटिंग चालू ठेवतं. दोन्ही बंद करा, आणि नेमकं काम झालं असेल तर टूलच अनइन्स्टॉल करा.