लघवी होत नाही: लाजरी पिशवी का खरंच तुंबलेली लघवी?

नागपुरात बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर युरिनलसमोर मी उभा असतो, जोरात लागलेली असते, आणि बाजूला कोणी येऊन उभं राहिलं की संपलं, एक थेंब नाही. घरी पोचलो की दोन मिनिटांत मोकळा. चार वर्षं हेच चाललंय. याला शाय ब्लॅडर म्हणतात, म्हणजे लघवीची लाजरी पिशवी, डॉक्टरी नाव पॅरुरेसिस, हे नाव १९५४ पासून आहे आणि मानसोपचारवाले याला सोशल अँग्झायटीत धरतात. दुसरी गोष्ट म्हणजे युरिनरी रिटेन्शन, लघवी तुंबणं. वरून पाहिलं तर दोन्हीत एकच, पिशवी भरलेली आणि बाहेर काही नाही, त्यामुळे लोक एकाला दुसरं समजून बसतात. मीपण बसलो होतो.

आधी एक सांगतो, टेन्शननी अडते म्हणजे नाटक आहे असं अजिबात नाही. लघवी व्हायला पिशवी आवळावी लागते आणि तिचं तोंड सैल पडावं लागतं, आणि घाबरल्यावर शरीर याच्या बरोबर उलटं करतं, पिशवी सैल आणि तोंड आवळलेलं. त्यात आपण जोर लावतो, मनात "लवकर कर, मागे लाइन आहे", आणि खालचे स्नायू अजून घट्ट. म्हणून "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवून काही होत नाही भाऊ, माझं तरी झालं नाही.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते पहिला प्रश्न एकच, घरी, रात्री, दार लावून, कोणी जागं नसताना होते का? लाजरी पिशवी माणसं आणि जागा पाहते, घरी धार एकदम चांगली असते. तुंबलेली लघवी जागा पाहत नाही, घरीही तेच, धार बारीक, थांबून थांबून, आणि जाऊन आल्यावरही उरल्यासारखं वाटतं. कारणं भरपूर, पन्नाशीनंतर प्रोस्टेट, तरुण माणसात लघवीची नळी आकसलेली किंवा खडा, शुगरमुळे नसा कमजोर, अगदी बद्धकोष्ठसुद्धा. बायकांनाही होतं, आणि त्यांना "टेन्शन आहे" तर जास्तच लवकर ऐकवलं जातं.

आणि गोळ्या! इथेच मी फसलो. जानेवारीत सर्दी झाली, मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, दुसऱ्या रात्री घरीच लघवी होईना. मला वाटलं आपलं नेहमीचंच वाढून राहिलं, नळ सोडून बसलो, गरम पाण्यानी शेकलं, पहाटेपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं आणि उभं राहवेना. कॅज्युअल्टीत नळी टाकली तर ९०० मिली निघाली, एरवी पिशवीत ४००-५०० मावते. डॉक्टरनी काय विचारलं, तर कोणती गोळी घेतली. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते पिशवीचं तोंडही आवळतं, जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या पिशवी सुस्त करतात, आणि झोपेसाठी किंवा टेन्शनसाठी देतात ती अमिट्रिप्टिलीनपण तेच करते. म्हणजे टेन्शनच्या औषधानी अडली आणि आपण म्हणतो टेन्शन वाढलं. असं वाटलं तर गोळी मनानी बंद नका करू, ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा.

तपासणी साधी आहे, सोनोग्राफीत लघवीच्या आधी आणि नंतर पिशवी पाहतात. मागे ५० मिलीच्या आत उरली तर ठीक, २०० च्या वर असेल तर युरोलॉजिस्टला दाखवाच. पण यात एक गडबड आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. लाजऱ्या पिशवीवाल्याला सेंटरच्या टॉयलेटमध्ये होतच नाही, बाहेर दहा लोक बसलेले, मग रिपोर्टमध्ये भरपूर उरलेली दिसते आणि माणूस घाबरून अर्धा होतो. म्हणून सेंटर घराजवळचं पाहा, तिथे स्पष्ट सांगा की मला इथे होत नाही, घरी जाऊन करून येतो आणि मग नंतरचा फोटो काढा. लाजू नका, रोज ऐकतात ते.

लागलेली आहे, दुखून राहिलं आणि काहीच होत नाही तर सकाळची वाट पाहू नका, नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांची कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. आणि सोबत कंबर दुखत असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटत असेल, पाय लटपटत असतील तर तो मणक्याचा प्रश्न असू शकतो, ताबडतोब निघा, तासही घालवू नका.

लाजऱ्या पिशवीला मात्र घाई चालत नाही. बाहेर जायचं म्हणून पाणी कमी पिणं आधी बंद करा, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, खडा व्हायला वेळ लागत नाही. आधी सोप्या जागी करायची, मग थोडं थोडं अवघड करत जायचं, हाच मुख्य इलाज आहे. कोणाशी बोलायचं तर टेली मानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. बंद संडासात बसून केली तरी चालते, त्यात कमीपणा नाही. मी धाकट्या भावाला घेऊन रविवारी सकाळी मेट्रो स्टेशनवर जातो, गर्दी नसते. आधी तो गेटवर थांबायचा, मग टॉयलेटच्या दाराबाहेर, आणि या रविवारी तो आत बेसिनपाशी हात धुत होता, मला दोन मिनिटं लागली, पण झाली.