कागदपुरवठा यंत्रणा (पेपर फीड)

कॉपियर किंवा प्रिंटरमधील ट्रेतल्या थप्पीतून एकावेळी एकच कागद उचलणारी, तो सरळ करून ठरल्या क्षणी प्रतिमेपाशी पोचवणारी आणि छपाईनंतर बाहेर सोडणारी यांत्रिक व्यवस्था. यंत्राची जाहिरात लेझर, शाई आणि वेग यांवर चालते. पण यंत्र अडून बसते ते बहुतेक वेळा कागद ओढणाऱ्या रबरापाशी.

कागद सुटा नसेल तर काम सोपे असते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सलग घडीच्या कागदाला दोन्ही कडांना अर्ध्या इंचाच्या (१२.७ मिमी) अंतराने भोके असतात. प्रिंटरमधल्या ‘ट्रॅक्टर’ या ओढयंत्रणेच्या पट्ट्यावरच्या खुंट्या त्या भोकांत अडकतात आणि चाक जेवढे फिरेल तेवढाच कागद पुढे सरकतो. घसरणे नाही, दोन कागद एकदम येणे नाही. म्हणूनच कार्बन लावलेल्या अनेकपदरी पावत्यांसाठी ही पद्धत अजून टिकून आहे. सुट्या कागदाची गोष्ट वेगळी. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद (२१० × २९७ मिमी) जेमतेम ०.१ मिमी जाड आणि ५ ग्रॅम वजनाचा. असे ५०० कागद, म्हणजे एक रिम, ट्रेत ठेवले की साधारण ५ सेंमी उंचीची आणि अडीच किलोची थप्पी होते, आणि तिच्यातून वरचा एकच कागद निघायला हवा.

ही निवड घर्षणाच्या जोरावर होते. ट्रेच्या तळाची स्प्रिंग किंवा मोटर थप्पी वर उचलून धरते. पिकअप रोलर वरच्या कागदावर टेकतो आणि फिरतो. रबर आणि कागद यांतले घर्षण सर्वांत जास्त, कागद आणि कागद यांतले सर्वांत कमी, आणि अडवणाऱ्या पॅडचे या दोहोंच्या मधले, असा क्रम राखला की वरचा कागद पुढे जातो आणि त्याला चिकटून आलेला दुसरा पॅडवर थांबतो. लहान प्रिंटरमध्ये एवढ्यावरच भागते. त्यांतला पिकअप रोलर अनेकदा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा असतो: एका फेरीत गोल बाजू कागद ढकलते, मग सपाट बाजू खाली येऊन रोलर कागदापासून सुटतो आणि पुढचे रोलर कागद विनाअडथळा ओढून नेतात. पॅड स्वस्त असते, पण प्रत्येक कागद त्याच्यावर घासत जात असल्याने झिजतेही लवकर.

जास्त काम करणाऱ्या कॉपियरमध्ये पॅडऐवजी रिटार्ड रोलर असतो. या सगळ्या यंत्रणेतला हा सर्वांत हुशार भाग म्हणावा लागेल. वरचा फीड रोलर कागदाला पुढे नेतो. खालच्या रिटार्ड रोलरला मोटर उलट दिशेने फिरवू पाहते, पण मध्ये टॉर्क लिमिटर, म्हणजे ठरावीक जोरानंतर घसरणारा जोड, बसवलेला असतो. त्यामुळे ठरावीक जोरापलीकडे रोलर हट्ट धरत नाही. दोघांमध्ये एकच कागद असला तर फीड रोलरची ओढ कागदामार्फत खाली पोचते, लिमिटर घसरतो आणि रिटार्ड रोलर मुकाट्याने कागदाबरोबर पुढे फिरतो. दोन कागद शिरले तर त्यांच्यात आपसातले घर्षण इतके कमी पडते की लिमिटरवर मात होत नाही. रोलर उलटा फिरू लागतो आणि खालचा कागद ट्रेकडे परत ढकलतो. कागद किती आले हे मोजणारे इथे काहीच नाही, तरी निवाडा होतो.

जुन्या कॅसेटमध्ये, म्हणजे कागदाच्या काढत्या-घालत्या ट्रेमध्ये, पुढच्या कोपऱ्यांवर धातूच्या बारीक पट्ट्या असत. रोलरने ढकललेला वरचा कागद फुगून त्या कोपऱ्यांतून सुटे. मोठ्या उत्पादनयंत्रांत थप्पीच्या कडेने हवा फुंकून वरचे कागद सुटे करतात आणि भोकांच्या पट्ट्याने शोषून वरचा एक उचलतात. गुळगुळीत लेपाचे कागद एकमेकांना घट्ट चिकटतात. तिथे हीच पद्धत उपयोगी पडते.

उचललेला कागद थोडा तिरका असतो. तो रजिस्ट्रेशन रोलरपाशी येतो तेव्हा हे रोलर मुद्दाम थांबलेले असतात. कागदाची पुढची कड त्यांच्यावर आपटते, मागचे रोलर ढकलतच राहतात, कागदाला कमान येते आणि कड दोन्ही टोकांना रोलरशी भिडून सरळ होते. मग ड्रमवरची (ज्या नळकांड्यावर पानाची प्रतिमा तयार होते त्यावरची) प्रतिमा जवळ येताच क्लच लागतो आणि कागद निघतो. मिनिटाला ३० पाने छापणाऱ्या यंत्राला एका ए-४ पानासाठी २ सेकंद मिळतात. कागद लांबीच्या दिशेने जात असेल तर त्याला सेकंदाला किमान १५० मिमी धावावे लागते. इंकजेटमध्ये कागद सलग न जाता टप्प्याटप्प्याने सरकतो, आणि टप्पा जरा चुकला की चित्रात पांढरे किंवा गडद पट्टे दिसतात.

वाटेत जागोजागी सेन्सर असतात. बरेचसे म्हणजे प्लास्टिकची एक छोटी जीभ: कागद आला की ती हलते आणि मागचा प्रकाशकिरण अडतो किंवा सुटतो. ‘पेपर जॅम’ हा संदेश त्यामुळे खरे तर वेळेचा हिशेब असतो. कागद ठरल्या वेळेत जिभेपाशी पोचला नाही, किंवा पोचून तिथून हलला नाही, एवढेच यंत्राला कळते. फाटलेला नखाएवढा तुकडा जिभेखाली राहिला तरी रिकामे यंत्र जॅम दाखवत राहते, आणि माणूस सगळी दारे उघडून बसतो.

छपाईनंतर फ्यूजर, म्हणजे शाईची पूड उष्णतेने कागदावर पक्की करणारा भाग, कागदाला साधारण १८०–२०० अंश सेल्सिअसवर दाबतो. कागदातला ओलावा उडतो आणि तो वळतो. दुसऱ्या बाजूच्या छपाईत जॅम अधिक होण्याचे हे एक कारण. डुप्लेक्समध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या छपाईत, कागद अर्धा बाहेर डोकावतो, रोलर उलटे फिरतात आणि तो दुसऱ्या वाटेने पुन्हा आत जातो. उष्णतेजवळ अडकलेला कागद एके काळी पेटतही असे. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या साध्या कागदावर चालणाऱ्या कॉपियरबरोबर म्हणूनच छोटे अग्निशामक दिले जाई. त्याचे अधिकृत नाव मात्र ‘स्कॉर्च एलिमिनेटर’, म्हणजे ‘करपणे घालवणारा’, इतके सौम्य होते.

मूळ कागद आपोआप आत घेणाऱ्या एडीएफमध्येही हीच तत्त्वे लागू पडतात, पण तिथे आलेला कागद चुरगळलेला, पिनांची भोके असलेला, जाड-बारीक कसाही असतो. एकदम दोन पाने गेली तर एक पान नकळत गहाळ होते. चांगल्या स्कॅनरमध्ये यासाठी ध्वनिलहरी वापरतात: दोन कागदांमधल्या हवेच्या पापुद्र्यामुळे अल्ट्रासाउंड बराच क्षीण होतो आणि यंत्र थांबते.

दमट हवेत कागद मऊ पडून एकमेकांना चिकटतात, कोरड्या हवेत स्थिर विजेने. म्हणून रिम वेष्टनातच ठेवतात आणि ट्रेत घालण्यापूर्वी कागदांच्या कडा फडफडवून आत हवा शिरू देतात. जॅम झालेला कागद दोन्ही हातांनी, सावकाश, शक्यतो तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने ओढावा. उलट हिसडा दिल्यास एकाच दिशेला फिरणाऱ्या क्लचला इजा होऊ शकते. पिकअप रोलर कागद उचलेनासा झाला की तो बहुधा झिजलेला नसून कागदाच्या भुकटीने, विशेषतः त्यातल्या चुनखडीच्या भरावाने, गुळगुळीत झालेला असतो. ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसल्यावर काळे रबर पुन्हा बोटाला पकड देऊ लागते. पुसूनही बोट सरकत असेल तर रोलर बदलायचा.