डीआय की प्रीअॅम्प? बेसची पिन मिक्सरला देण्याआधी

गणपती जवळ आले की बेस गिटार वाजवणाऱ्या पोरांचा एक प्रश्न हमखास येतो: "डीआय घेऊ का प्रीअॅम्प पेडल?" दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, "ह्या पेडलमध्ये डीआय पण आलाच की, कशाला दोन-दोन घेताय?" हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. दोन्ही डबे हातात मावतील एवढे, दोन्हींत एका बाजूने पी-३८ (गिटारची पाव इंची पिन) जाते आणि दुसऱ्या बाजूने कॅनन (माइकची तीन पिनांची, म्हणजे एक्सएलआर) निघते. त्यामुळे गल्लत होणारच. कामं मात्र वेगळी आहेत. डीआयने (डायरेक्ट इंजेक्शन बॉक्सने) आवाजाला हात न लावता सिग्नल लांब नेण्याजोगा करायचा असतो. प्रीअॅम्प आवाजालाच हात घालतो.

आधी डीआयकडे बघू, कारण आपल्याकडच्या कार्यक्रमांत खरी अडचण तिथेच असते. ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत ऑक्टोपॅड, कीबोर्ड, ढोलकी, कॉस्च्यूमच्या पेट्या भरल्यावर बेसच्या अॅम्पला जागा राहत नाही. बेस थेट मिक्सरला जातो. गांधी मैदानासारख्या मोकळ्या जागी मिक्सर स्टेजपासून शंभर फूट लांब मांडलेला असतो. मधे मल्टीकोर (अनेक वायरींची एकच जाड केबल), आणि त्याच्या डब्यात सगळी कॅननची भोकं. मग कोणीतरी पी-३८ ते कॅनन अशी जोडलेली वायर काढतो आणि बेस सरळ डब्यात खुपसतो.

"दादा, वाजवा की."

"वाजवतोय की! फुल्ल आहे आवाज."

"येईना वो काहीच."

ऑपरेटर गेन चढवत जातो. बेस येतो, पण गोधडीखालून आल्यासारखा. तो ट्रेबल वाढवतो, तर बेस तसाच आणि वर सुस्कारा वाढतो. सगळे बेसकडे संशयाने बघायला लागतात. बेस बिचारा ठीक असतो.

झालेलं असतं ते असं. पॅसिव्ह, म्हणजे पोटात बॅटरीचं सर्किट नसलेल्या, बेसचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे गुंडाळलेली केसासारखी तार. फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या पिकअपचा नुसता रोध मोजला तर दहा-अकरा किलोओहम भरतो. पण गुंडाळलेली तार वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त अडवते. दोन हजार हर्ट्झच्या आसपास हाच पिकअप पन्नास-शंभर किलोओहमसारखा वागतो. असल्या अशक्त सिग्नलला पुढे फार मोठा इम्पीडन्स, म्हणजे इनपुटचा अडथळा, लागतो. बेसच्या अॅम्पचा इनपुट म्हणूनच साधारण एक मेगाओहमचा असतो. मिक्सरचा माइक इनपुट मात्र दोन किलोओहमच्या आसपास, कारण तो माइकसाठी बनवलाय. दहा किलोओहमच्या पिकअपला दोन किलोओहमचा भार दिला की खालच्या सुरांचाच सहावा हिस्सा उरतो, आणि वरच्यांचं तर विचारूच नका. तारेवर बोटाचा टक्का, स्लॅपची टणक, नखाची खरखर सगळं जागेवरच मरतं. मेलेलं मिक्सरच्या ट्रेबलने परत येत नाही.

पॅसिव्ह डीआयमध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो, दहा-बारा वेढ्यांना एक वेढा अशा प्रमाणातला. इम्पीडन्स त्या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे मिक्सरचे दोन किलोओहम बेसला दोनशे-तीनशे किलोओहमसारखे दिसतात. बदल्यात सिग्नल वीसेक डेसिबलने खाली येतो. ते चालतं, माइकचा गेन त्यासाठीच आहे. अॅक्टिव्ह डीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटमवर (मिक्सर कॅननच्या वायरीतूनच देतो त्या विजेवर) किंवा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि बेसला थेट एक मेगाओहमच्या आसपास इनपुट देतं. म्हणून पॅसिव्ह बेसला अॅक्टिव्ह डीआय आणि अॅक्टिव्ह बेसला किंवा कीबोर्डला पॅसिव्ह डीआय, हा जुना हिशेब अजून लागू आहे. दोन्ही प्रकार आणखी एक गोष्ट करतात, ती म्हणजे सिग्नल बॅलन्स्ड करतात. दोन तारांतून तोच सिग्नल उलटसुलट जातो, मिक्सर दोघांतला फरक घेतो, आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखाच बसलेला गोंगाट वजा होतो. शंभर फुटांच्या मल्टीकोरवर ही चैन नाही, गरज आहे.

आता डीआयचा आवाज "कोरडा" म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांसाठी एक आठवण. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन हा बेसवादक साठच्या दशकात प्रिसिजन बेसवर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा लावून थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये, वाजवायचा. बोट आणि तारा तशा असतील तर कोरड्यातही काही कमी पडत नाही.

प्रीअॅम्प कशासाठी, तर ज्यांना तो कोरडा आवाज नको आहे त्यांच्यासाठी. १९६९ साली अँपेगने एसव्हीटी काढला, तीनशे वॉटचा ट्यूबवाला अॅम्प, खाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाट. आपण रॉकमधला बेस म्हणून जो गुरगुरता, दाट आवाज ओळखतो, त्यातला बराचसा अशा अॅम्पचा आहे. स्पीकर फार वरच्या फ्रिक्वेन्सी देतच नाही, ट्यूब दाबल्या गेल्या की थोडा चरचरीतपणा येतो, मिडला (मधल्या फ्रिक्वेन्सींना) उठाव येतो. हे सगळं उचलून नेणं शक्य नाही म्हणून ते सर्किटमध्ये घालायचं, हा प्रीअॅम्प पेडलमागचा विचार. टेक ट्वेंटीवनने १९८९ मध्ये सॅन्सअॅम्प आणला आणि पुढे बेससाठी बेस ड्रायव्हर डीआय काढला. आज फिनलंडच्या डार्कग्लासपासून एमएक्सआरपर्यंत अनेकांची पेडल्स त्याच वाटेवर आहेत. ह्या पेडलांच्या शेवटी कॅनन दिला, कारण वाजवणारा ते थेट मिक्सरलाच देणार हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

प्रीअॅम्पच्या बटणांपैकी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ब्लेंड. ड्राइव्ह (तो चरचरीतपणा) वाढवला की सिग्नल दाबला जातो आणि खालच्या ई तारेचे ४१ हर्ट्झ पातळ होतात. ब्लेंड फिरवून साधा आवाज मिसळला की तळ परत येतो. ज्या ओव्हरड्राइव्हवर ब्लेंड नाही तो बेससाठी घेऊ नये, कितीही गाजलेला असला तरी. दुसरी गोष्ट मिडची. बऱ्याच प्रीअॅम्पच्या मूळ आवाजात मिड खोल कापलेले असतात. घरी हेडफोनवर ते फार गोड लागतं, स्टेजवर बेस गायब होतो. आपल्या ऑर्केस्ट्रात तळाला ढोलकीचा घुमारा, ऑक्टोपॅडची किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच बसलेले असतात. बेसला त्यांच्यावर, साधारण चारशे ते आठशे हर्ट्झमध्ये, जागा मिळते. लावणीच्या ठेक्यात तर त्याशिवाय सूर कळतच नाही. घरी सेट केलेली बटणं कार्यक्रमात डोळे झाकून वापरू नका. बेसचं बटण कमी आणि मिडचं जास्त करून सुरुवात करा, मग ऑपरेटरला विचारा.

आणखी एक गोंधळ बेसच्या पोटातल्या प्रीअॅम्पचा. म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ मध्ये बॅटरीवरचं सर्किट घेऊन आला आणि अॅक्टिव्ह बेस सगळीकडे पसरले. "माझ्या बेसमध्येच प्रीअॅम्प आहे, मला डीआय कशाला?" असं म्हणणारे त्यातलेच. पोटातल्या सर्किटमुळे सिग्नल तगडा होतो हे खरं. मिक्सर शेजारीच असेल, दहा किलोओहमच्या लाइन इनपुटला पिन दिली, तर आवाज मरत नाही. पण निघणारी वायर अनबॅलन्स्डच राहते, आणि लांब अंतरावर ती आसपासची सगळी घरघर गोळा करते. म्हणजे अॅक्टिव्ह बेसवाल्यालाही डीआय चुकत नाही, प्रीअॅम्प पेडल मात्र बहुतेकदा लागत नाही. इक्वलायझर त्याच्या बेसमध्येच आहे.

घरघरीवरून आठवलं. मंडळाच्या स्टेजवर एकाच जनरेटरवर एलईडीची भिंत, डिमर, लाइट आणि साउंड चालतात. हम्म असा आवाज आला की सगळे डीआय बदला, पेडल बदला म्हणतात. आधी बेसचा व्हॉल्यूम शून्य करा. हम गेला तर तो पिकअपमधून येत होता. मग बेस हातात धरून स्वतःभोवती वळा, एका दिशेला तो कमी होतो. फेंडरच्या जॅझ बेससारखा दोन पिकअपवाला बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडा, बहुतेक मॉडेलांत दोन पिकअप एकमेकांचा हम मारतात. पिकअपच्या हमवर डीआय आणि प्रीअॅम्प दोन्ही काही करू शकत नाहीत; आतून तांब्याची पट्टी लावून शिल्डिंग केलं तर चरचर कमी होते, पण पिकअपने पकडलेला हम त्यानेही जात नाही. व्हॉल्यूम शून्य करूनही हम राहिला तर तो बहुधा अर्थिंगचा. तेव्हा डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीतला अर्थचा जोड तोडणारं) बटण दाबायचं. इथे ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय सरस ठरतो, कारण त्यात दोन बाजूंमध्ये तारेचा संबंधच उरत नाही. बऱ्याच स्वस्त अॅक्टिव्ह डीआयमध्ये आणि पेडलांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांचं बटण दाबूनही हम पुरता जात नाही. अशा वेळी पेडलचा कॅनन सोडून द्या, त्याच्या पी-३८मधून पॅसिव्ह डीआयला द्या आणि तिथून मल्टीकोरला. दोन्ही डबे एकत्र वापरण्याचं हे सगळ्यात चांगलं कारण.

हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग अजून भेटतात. भाद्रपदातल्या पावसात, ओल्या फळ्यांवर, लोखंडी ट्रसखाली उभं राहून तारेला हात लावायचा असतो. ती पिन काढायची नाही. जो काढायला सांगतो त्याच्या स्टेजवर वाजवायचं नाही.

विकत घेताना माझा कौल असा: पॅसिव्ह बेस असेल आणि अजून एकही डबा नसेल तर आधी चांगला डीआय. साउंडवाल्याकडे असतो, पण बहुतेकदा त्याची बॅटरी उतरलेली असते किंवा तो कीबोर्डला गेलेला असतो. आवाजात बदल हवा असेल तर प्रीअॅम्पच्या आधी तारा बदलून बघा, फार स्वस्तात काम होतं. तरीही प्रीअॅम्प हवाच असेल तर ब्लेंड, मिडचं बटण आणि ग्राउंड लिफ्ट ह्या तीन गोष्टी आहेत का बघून घ्या. फँटमवर चालेल असं गृहीत धरू नका. फँटममधून जेमतेम दहा मिलिअँपिअर मिळतात, आणि डिजिटल पेडलांना त्याच्या कित्येक पट लागतात.

पॅसिव्ह बेसच्या पोटात प्रीअॅम्प बसवून घेण्याचं खूळही आहे. बॅटरीसाठी लाकूड कोरावं लागतं, जॅक स्टिरिओ टाकावा लागतो, बरेचदा पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) बदलावे लागतात. जुना, चांगला वाजणारा बेस असेल तर लाकडाला हात लावू नये असं माझं मत. त्याऐवजी पेडलबोर्ड करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अॅल्युमिनियमचे अँगल मापात कापून, भोकं पाडून मिळतात. वर वेल्क्रो, खाली उंचीपुरती जागा सोडून तिथे डीआय उलटा बसवायचा, आणि कडेला एक कॅनन सॉकेट काढायचं. माप देताना ग्राउंड लिफ्टच्या बटणापर्यंत बोट पोचेल एवढी फट ठेवायला सांगा.