काट्यांवरचा उजेड

घड्याळाच्या काट्यांवर लावायचा चमकता रंग कालवताना पहिला मोह होतो तो पूड खलात घोटून मऊ करण्याचा. तो टाळायलाच हवा. आजच्या रंगात स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पूड असते आणि त्यात युरोपियम, डिस्प्रोशियम या धातूंचा किंचित अंश. ही पूड उजेडातली ऊर्जा साठवते आणि अंधारात कित्येक तास हळूहळू सोडते. हे सगळं स्फटिकाच्या आत घडतं. पृष्ठभागावरच्या दोषांपाशी पोहोचलेली ऊर्जा प्रकाश न देताच विरून जाते. कण बारीक केले की पृष्ठभाग वाढतो आणि चमक घटते.

भरड कण जड असतात, हीच खरी अडचण. पूड ज्यात कालवतात ते वार्निश पातळ झालं की ते तळाशी बसतात, ब्रशला नुसतं वार्निश लागतं आणि काटा फिकट दिसतो. मधून कोरलेल्या काट्यात तर रंगाला पृष्ठताणाच्या आधारे फटीवर ताणून राहायचं असतं. पातळ रंग गळतो, घट्ट रंगाचा गोळा होतो. पूड आणि वार्निश साधारण समान वजनाने घ्यावं, मग थिनर थेंबाथेंबाने. थिनर उडत राहतो, म्हणून थोडाच रंग कालवावा. पूड कठीण असते, धातूला घासून करडी पडते. ढवळायला काचेची काडी बरी. पाण्याने ही पूड निकामी होते.

जुन्या रंगाला मात्र पाणीच लागे. १९१७ पासून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथे तरुण मुली किरणोत्सारी रेडियम आणि त्याच्या किरणांनी चमकणारं झिंक सल्फाइड यांची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून घड्याळांच्या तबकड्या रंगवत. ब्रशचं टोक पसरलं की ते ओठांनी जुळवायला त्यांना शिकवलं होतं. रेडियमचं रसायन कॅल्शियमसारखं, त्यामुळे ते हाडांत जाऊन बसलं. जबडे झिजले, अनेकींचे जीव गेले. त्यांच्यापैकी ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारिणींनी त्यांच्या कंपनीला कोर्टात खेचलं. १९२८ मध्ये तडजोड झाली, पण गेलेली तब्येत परत मिळणार नव्हती. या मुलींना धोका सांगितला गेला नाही, याचा राग आजही येतो.

त्या काळातल्या तबकड्या आता अंधारात चमकत नाहीत, कारण रेडियमच्या किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइड थकलं आहे. रेडियमचा अर्धायुष्यकाल, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, मात्र सुमारे १६०० वर्षांचा; ते अजून किरण सोडतंच आहे. त्यामुळे जुनी तबकडी नव्याने रंगवण्यासाठी घरी खरवडू नये; तिची धूळ श्वासावाटे शरीरात जाते.