साइन-ऑफ मागितलं की सही का देता?

ओपन सोर्स प्रकल्पाला कोड पाठवला आणि डीसीओची (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे कोड कुठून आला याची देणाऱ्याने केलेली घोषणा) तपासणी लाल झाली की नवा माणूस रात्रभर बसून जीपीजीची, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रोग्रामची, किल्ली बनवते-बनवतो, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवतो, कमिटशेजारी (गिटमधल्या बदलाच्या नोंदीशेजारी) हिरवा 'व्हेरिफाइड' आणतो आणि सकाळी विचारतो, "सर, अजून लालच आहे." असणारच. मागितलं होतं साइन-ऑफ, दिलीस सही. (आणि ते 'सर' सोड, नावाने हाक मार.)

घोळ एका अक्षराचा आहे. 'गिट कमिट'ला लहान एस लावला तर संदेशाच्या शेवटी एक ओळ येते: 'साइन्ड-ऑफ-बाय', पुढे नाव आणि ईमेल. साधा मजकूर, हाताने टाइप केला तरी चालतो. मोठा एस लावला तर कमिटवर डिजिटल सही होते, जीपीजीने, नाहीतर गिट 2.34 पासून एसएसएच किल्लीनेही (सर्व्हरवर लॉगिन करायला वापरतो ती).

साधी ओळ म्हणून तिला कमी लेखू नका. ते स्वयंघोषणापत्र आहे: हा कोड मी लिहिला, किंवा तो त्याच्या लायसन्सखाली पुढे देण्याचा मला हक्क आहे, आणि ही नोंद कायमची सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे. 2003 साली एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला, युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप केला. कुठली ओळ कुणाकडून आली याचा माग हवा म्हणून 2004 मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ही साइन-ऑफची पद्धत आणली. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पॅच (कोडमधला बदल) ज्याच्या-ज्याच्या हातून पुढे जातो तो आपली ओळ खाली जोडतो. वरून खाली वाचलं की पॅचचा प्रवास कळतो.

डिजिटल सही यातलं काहीच सांगत नाही. ती फक्त एवढं सांगते की ही किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने हे कमिट केलं. ऑफिसचा कोड ढापून आणा आणि त्यावर सही करा, 'व्हेरिफाइड' तसाच हिरवा दिसेल!

शिवाय कर्नलचे पॅच ईमेलने जातात. सही कमिटच्या पोटात असते, कमिटचा ईमेल बनवणारी 'फॉरमॅट-पॅच' आज्ञा ती सोबत नेत नाही. रिबेस केलं, म्हणजे कमिट नव्याने रचली, तरी जुनी सही जाते. ओळ मात्र संदेशाचाच भाग, ती कुठेही टिकते. सह्यांना काम नाही असं नाही: कर्नलचे मेंटेनर (एकेक भाग सांभाळणारे) लिनसला 'पुल कर', म्हणजे माझे बदल ओढून घे, म्हणताना टॅगवर (कमिटला लावलेल्या नावाच्या खुणेवर) सही करतात. तिथे ती शोभते.

सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट) हे तिसरंच प्रकरण: प्रकल्पाच्या मालक कंपनीशी किंवा संस्थेशी एकदाच करायचा करार. मला डीसीओ बरा वाटतो, वकील न गाठता वाचून कळतो.

लाल झालंच तर पुल रिक्वेस्ट ('माझा बदल घ्या' ही विनंती) बंद करून नवी उघडू नका, जुनी चर्चा तिथेच अडकते. एकच कमिट असेल तर 'गिट कमिट'ला 'अमेंड' (शेवटचं कमिट दुरुस्त करणारा पर्याय) आणि लहान एस. बरीच असतील तर 'गिट रिबेस'ला 'साइनऑफ' हा पर्याय द्या. मग दोन्ही वेळा फोर्स पुश करा, म्हणजे साइटवरच्या जुन्या कमिटच्या जागी नवी चढवा. ओळीतला ईमेल कमिटच्या लेखकाच्या ईमेलशी जुळतोय ना, तेवढं बघा. आणि मित्राने लिहिलेल्या कोडखाली त्याच्या नावाची ओळ परस्पर टाकू नका. ती त्याची घोषणा आहे, त्यालाच करू द्या.