काकांचा विंडोज ७ आणि न चढणारा अँटीव्हायरस

देवगडला आमच्या काकांचं आंब्याचं गोडाऊन आहे, तिथे पेट्यांची बिलं काढायला विंडोज ७ चा पीसी अजून राबतोय. परवा अँटीव्हायरस रिन्यू केला, नवीन व्हर्जन टाकायला गेलो तर अर्ध्यावर एरर देऊन बंद. काका म्हणाले, "पैशे भरले मां, मगे ता चढना कित्याक नाय?" आता याचं उत्तर द्यायचं तर वीसेक वर्षं मागे जावं लागतं.

विंडोज एक्सपी आला ऑक्टोबर २००१ ला. फायरवॉल, म्हणजे नेटवरून घुसणारं अडवणारी सोय, होती त्यात, पण आपोआप चालू नसायची. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस, आला, नेट लावलं की स्क्रीनवर मिनिटभराची उलटी मोजणी आणि पीसी रिस्टार्ट. मग वर्षभराने सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटमधून मायक्रोसॉफ्टने फायरवॉल चालूच करून दिली.

आपल्याकडे मात्र व्हायरस नेटवरून कमी आणि पेनड्राइव्हवरून जास्त यायचा. झेरॉक्सवाला, फोटो स्टुडिओ, सायबर कॅफे, सगळीकडे फिरून आलेला पेनड्राइव्ह लावला की फोल्डरसारखी दिसणारी फाइल, डबलक्लिक केलं की संपलं. मूळ दुखणं ऑटोरनचं, म्हणजे पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायच्या सोयीचं, २००८ च्या शेवटी आलेला कॉनफिकर वर्मही याच वाटेने पसरला, आणि एक्सपीवर पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारा अपडेट आपोआप यायला २०११ चा फेब्रुवारी उजाडला. गंमत म्हणजे नेट धड नसल्यामुळे अँटीव्हायरसच्या नवीन डेफिनिशन (नवे व्हायरस ओळखायची यादी) पण लोक कॅफेतून त्याच पेनड्राइव्हवर आणायचे! तेव्हा डब्यातली सीडी विकत घ्यायची, सोबतची अ‍ॅक्टिव्हेशन की (नंबर) टाकायची, वर्षभर बघायला नको. क्विक हील हे अँटीव्हायरस तर पुण्याचंच, काटकर बंधूंच्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभं राहिलेलं.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या फुकट अँटीव्हायरसच्या डेफिनिशन एक्सपीला जुलै २०१५ पर्यंत दिल्या, बाकी कंपन्यांनी आणखी काही वर्षं ओढलं. त्यामुळे लोकांना वाटलं की अँटीव्हायरस आहे ना, मग विंडोज जुना असला तर काय बिघडलं. इथेच सगळे फसले. अँटीव्हायरस म्हणजे रखवालदार, भिंतीला भोक पडलं तर तो बुजवू शकत नाही, ते काम पॅचचं, म्हणजे विंडोजच्या कंपनीने दिलेल्या दुरुस्तीचं. मे २०१७ चा वॉनाक्राय आठवा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा, त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, तरी ज्यांनी टाकला नाही ते अडकले आणि त्यात बहुतेक विंडोज ७ वालेच होते. तेव्हा एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला खास पॅच काढावा लागला.

आता काकांच्या एररकडे येतो. सॉफ्टवेअर खरं त्याच कंपनीचं आहे हे विंडोज डिजिटल सहीवरून ओळखतो. त्या सह्यांमध्ये पूर्वी फाइलचा ठसा काढायला शा-१ नावाची पद्धत वापरायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेने दोन वेगळ्या पीडीएफचा शा-१ ठसा सारखाच येऊ शकतो हे करून दाखवलं, म्हणजे शिक्का नकली मारता येतो. मग सगळे शा-२ वर गेले. जुन्या विंडोज ७ ला ही नवी सही नीट वाचताच येत नव्हती, त्यासाठी २०१९ मध्ये वेगळे अपडेट दिले, तेही सर्व्हिस पॅक १ असेल तरच. आणि आपल्याकडे अपडेट कोण चालू ठेवणार? डोंगलचा डेटा संपतो, आणि खोटं बोलायचं नाही, विंडोज 'जेन्युइन नाही' म्हणून स्क्रीन काळी होईल ही पण भीती. म्हणून दुकानदारच अपडेट बंद करून पीसी द्यायचा. अँटीव्हायरसची नवीन सही आली, काकांच्या विंडोजला ती ओळखता येईना.

ते अपडेट हाताने टाकले, मग विंडोज ७ वर चालणारं शेवटचं व्हर्जन चढलं. पण विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच गेलाय, विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला गेला. विंडोज ११ टाकायला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या पीसीत नाही. नवीन पीसी घ्या म्हटलं तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालेल का आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली गिऱ्हाइकांची यादी उघडेल का, हे काकांचे दोन प्रश्न. तोपर्यंत नेटची वायर काढून ठेवलीये, बिलं चालू आहेत.