तापलेला लॅपटॉप आणि भरलेली व्हीरॅम: गेम ‘लॅग’ होतो तेव्हा

मे महिन्यात चंद्रपूरहून भाच्याचा फोन आला. “मामा, जीटीए फाइव्ह जाम लॅग होतोय. अजून ८ जीबी रॅम टाकू का?” लॅपटॉप सात वर्षं वापरलेला: आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर, २ जीबीचं एमएक्स१५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम. मी विचारलं, “कधी लॅग होतो?” तो म्हणाला, “सारखाच.”

या ‘सारखाच’नेच घोळ होतो. आपल्याकडे लॅग या एका शब्दात सगळं कोंबलेलं असतं. खरा लॅग नेटवर्कचा: बटण दाबलं आणि सर्व्हरला ते उशिरा कळलं. भाचा एकटाच, ऑफलाइन खेळत होता, त्यामुळे वायफायची त्यात चूक नाही. उरतात दोन दुखणी. वरून सारखी दिसतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. एकात गेम मंदावतो, दुसऱ्यात गचके खातो. कसारा घाटात पहिल्या गिअरवर कण्हत चढणारी एसटी आणि सपाट रस्त्यावर खड्ड्याखड्ड्याला आपटणारी एसटी. उशीर दोन्हींत होतो, पण पहिलीचं इंजिन बघावं लागतं आणि दुसरीचा रस्ता.

मंदावण्यामागे बहुतेक वेळा उष्णता असते. या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि टर्बोत, म्हणजे गरजेपुरता जादा जोर लावताना, तो ३.४पर्यंत जातो. टर्बोचा वेग म्हणजे जास्त वीज, आणि जास्त वीज म्हणजे जास्त ताप. सुरुवातीच्या जोरानंतर वेग थोडा उतरणं हे ठरलेलंच असतं, त्याने घाबरू नये. पण तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग आणखी पाडते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच तांब्याच्या नळीवर आणि एकाच पंख्यावर गुजराण करतात, म्हणजे एक तापला की दुसऱ्यालाही झळ.

सात वर्षांत दोन गोष्टी होतात. चिपवरची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता नळीकडे पोचवणारा लेप, वाळते, आणि पंखा व त्याच्यापुढच्या बारीक पात्यांच्या मधोमध धुळीची जाड गादी बसते. ही गादी आतल्या बाजूला असते, त्यामुळे बाहेरून फुंकर मारून किंवा ब्रश फिरवून काही होत नाही. खालचं झाकण उघडावंच लागतं. त्यात चंद्रपूरचा मे, बाहेर ४५ अंश. पंखा खोलीतलीच हवा ओढतो, तिच्यापेक्षा गार काही करू शकत नाही. डिसेंबरात जो लॅपटॉप कसाबसा तरत होता तो उन्हाळ्यात बसतो, यात व्हायरसचा काही संबंध नाही. अंथरुणावर ठेवून खेळत असाल, तर हवा घेणाऱ्या खालच्या जाळ्याही बंद.

आता दुसरं दुखणं. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, इथे २ जीबी आहे. समोर दिसणाऱ्या भिंती, गाड्या, कपडे यांची चित्रं, म्हणजे टेक्स्चर, तिथे भरलेली असतात. ती मावेनाशी झाली की उरलेली लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये ठेवली जातात, आणि लागतील तेव्हा तिथून ओढून आणावी लागतात. एमएक्स१५०ची आपल्या मेमरीशी देवघेव सेकंदाला ४८ जीबीपर्यंत चालते. साध्या रॅमकडून येणारा रस्ता बहुधा चार लेनचा पीसीआय एक्स्प्रेस असतो, त्याची मजल सेकंदाला ४ जीबीच्याही आत. स्वयंपाकघरातल्या डब्यातलं मीठ घेणं आणि मिठासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात पळणं यात जेवढा फरक, तेवढाच.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड’ (कार्डाची स्वतःची मेमरी) २ आणि ‘शेअर्ड’ ४ जीबी असे दोन आकडे दिसतात, आणि त्यांची बेरीज करून ‘६ जीबी ग्राफिक्सवाला लॅपटॉप’ म्हणून सेकंड-हँड विकणारेही मी पाहिले आहेत. ती बेरीज धरू नका. शेअर्ड म्हणजे तुमचीच अर्धी रॅम, त्या दूरच्या दुकानासारखी.

हे गचके एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) येतात त्या आकड्यात नीट दिसत नाहीत, म्हणूनच लोक फसतात. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत येते. समजा एका सेकंदात एकच गचका बसला, २०० मिलिसेकंदांचा. उरलेल्या ८०० मिलिसेकंदांत ४८ फ्रेम येतात, गचक्याची एक धरून ४९. कोपऱ्यातला आकडा ४९ दाखवतो, आणि सलग ४९ने चालणारा गेम तर डोळ्याला गुळगुळीत वाटतो. त्या एका फ्रेममध्ये तुमची गाडी मात्र खांबावर आदळलेली असते. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये एफपीएससोबत फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावता येतो. मंदावलेल्या गेमची रेघ उंचावरून पण सरळ जाते, गचक्यांची रेघ खाली असते आणि मधूनच सुळका काढते.

आलेख नको असेल तर माझी पद्धत सोपी आहे. उष्णतेचं दुखणं घड्याळाला बांधलेलं असतं आणि व्हीरॅमचं जागेला. गेम सुरू केल्या केल्या एक रस्ता गाडीने पार करा, पंचवीस मिनिटांनी पुन्हा तोच. पहिल्या खेपेला मस्त आणि दुसऱ्यांदा सगळंच जड, अगदी भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं तरी जड, तर ताप. गेम बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावर तो ताजातवाना झाला, तर शंकाच नको. पण पहिल्या मिनिटापासून त्याच वळणावर, त्याच चौकात ठेच लागत असेल आणि पुढे गेल्यावर परत सुरळीत होत असेल, तर मेमरी. तिसरा एक भिडू मधे लुडबुडतो: प्रत्येक जागी फक्त पहिल्यांदाच गचका आणि पुढच्या खेपेला नाही, असं असेल तर जुनी हार्ड डिस्क किंवा ड्रायव्हर अपडेटनंतर नव्याने तयार होणारे शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपसाठीचे छोटे प्रोग्राम. शेडरचं आपोआप निवळतं, डिस्कसाठी एसएसडी घ्या.

खात्री करायची तर एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ठेवा. तापमान शंभरीच्या जवळ आणि प्रोसेसरचा वेग (क्लॉक स्पीड) पडलेला, म्हणजे पहिलं दुखणं. तापमान साधं, पण डेडिकेटेड मेमरी काठोकाठ आणि शेअर्डचा आकडा चढता, म्हणजे दुसरं. गचक्याच्या क्षणी ग्राफिक्स चिप माल येण्याची वाट बघत रिकामी बसते, त्यामुळे तिचा वापर खाली येतो. तापमान साठीतच आणि प्रोसेसर मात्र १ गिगाहर्ट्झच्या खाली अडकून बसलेला दिसला, तर आधी चार्जर बघा. काही लॅपटॉप अनोळखी किंवा कमी वॉटचा चार्जर लावला की मुद्दाम रांगतात.

औषधाकडे येऊ. गेम अडकला की सगळी सेटिंग ‘लो’वर आणि रेझोल्यूशन ८०० बाय ६००वर नेण्याची आपल्याला खोड आहे. त्याने काहीतरी फरक पडतो आणि नक्की कशाने पडला ते कायमचं अंधारात राहतं. व्हीरॅम कमी पडत असेल तर पहिल्यांदा फक्त टेक्स्चर उतरवा. जीटीए फाइव्हच्या ग्राफिक्स मेन्यूत व्हिडिओ मेमरीची पट्टीच दिलेली आहे, ती २०४८ एमबीच्या बरीच आत राहील असं बघा. सावल्या, गवत वगैरे त्यानंतर. उलट टेक्स्चर कमी करून लॅपटॉप गार होत नाही, कारण ती जागा खातात, कष्ट फारसे घेत नाहीत. तापासाठी सफाई, नवी पेस्ट आणि एफपीएसला ४०ची मर्यादा, याच क्रमाने. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसर ९९ टक्क्यांवर आणून टर्बो बंद करण्याची युक्ती सगळे सांगतात. ती २.५ गिगाहर्ट्झ मूळ वेगाच्या जुन्या चिपवर छान चालते. १.६वाल्यावर केलीत तर हाती तेवढाच वेग उरतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि रॅम? भाच्याचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स साध्या रॅमवरच जगतं. तिथे डीडीआर४-२४०० रॅमची एकच कांडी असेल तर वेग सेकंदाला १९.२ जीबी, जोडीला दुसरी लावली की ३८.४. तिथे पैसे वसूल. त्याच्याकडे वेगळं कार्ड होतं, आणि गेम चालू असताना ८ जीबीतली दीड-दोन जीबी रिकामीच होती. गावातल्या दुकानदाराने मात्र ‘रॅम वाढवा, विंडोज नवीन टाका’ असं दोन मिनिटांत सांगून टाकलं होतं. झाकण उघडून बघितलं नव्हतं.

त्याच्याकडे दोन्ही दुखणी निघाली. सफाई आणि पेस्ट झाल्यावर पंचवीस मिनिटांनंतरचा जडपणा गेला, पण डाउनटाउनमधल्या एका वळणावरची ठेच तशीच. टेक्स्चर ‘व्हेरी हाय’वर होतं, ते त्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघून ठेवलेलं. ‘नॉर्मल’ केलं आणि ते वळण सुटलं. भिंतीवरची पोस्टरं आता पुसट दिसतात अशी त्याची तक्रार आहे. मी म्हटलं, गाडी एवढ्या वेगात असताना तू ती वाचतोस कधी?